ट्रकचं तेल कुठी जाते?

माझा साडू आणि मी, आम्ही दोघं मिळून एक जुना ट्रक चालवायचो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, लष्कराने मोडीत काढलेला. घाटंजीच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे तो बरीच वर्षं राबला होता आणि आम्ही दोघंही त्याच व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होतो. त्याने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आम्हाला दिली. आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आपल्या मालकीची गाडी आपणच चालवायची, ही गोष्ट आमच्या दोन्ही घरांना नवी होती. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, घरं एकाच गल्लीत. एक दिवस गाडी तो न्यायचा, एक दिवस मी. हंगामात खेड्यांतून कापूस उचलून सरकी काढायला जिनिंगला टाकायचा, नाहीतर बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्यांचा माल पुसदपर्यंत पोचवायचा.

एका हंगामात गाडी तेल खाऊ लागली. सकाळी इंजिन तेलाने भरून निघावं आणि संध्याकाळी तेल मोजायची सळई बाहेर काढावी, तर तिच्या टोकालाच काय तो ओलावा. मी गाडीखाली जुनं धोतर अंथरून पाहिलं. सकाळी ते जवळपास कोरडं. मिस्त्रीने इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बदलून दिलं, तरी तेच. मग तो म्हणाला, इंजिन आतून झिजलं, तेल जळतं. पण तेल जळालं तर धूर निळा पडायला हवा. मी सायलेन्सरच्या मागे बसून बसून पाहिलं, धूर कधी निळा दिसला नाही.

तेल दोघांच्या पैशांतून यायचं, पण तेलाचा डबा माझ्या घरी असायचा. एक दिवस दोघंही गाडीबरोबर गेलो होतो. जिनिंगच्या आवारात, गाड्या रिकाम्या व्हायची वाट पाहत बसलो असताना, साडू हातातल्या चहाच्या कपाकडे पाहत म्हणाला, "डबा तुमच्या घरी राहते, साडभाऊ. गाडीखाली थेंब नाही, निळा धूर नाही. मंग तेल कुठी जाते?"

एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. आजूबाजूला दोन-चार गाडीवान होते, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी चहा तसाच ठेवून उठलो. त्यानंतर तो गाडी विकून टाकू, जो तो आपापल्या वाटेने जाऊ, असं म्हणू लागला.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. तिने चूल फुंकत सगळं ऐकून घेतलं. मोठ्या बहिणीबरोबर विहिरीवर जाणं तिचं आधीच बंद पडलं होतं. काहून, ते मला त्या दिवशी समजलं. मी म्हणालो, विकून टाकू, कटकट जाईल. ती वळून म्हणाली, "विकली तर सारा जलम तुमीच तेल खाल्लं असं राहीन. आधी ते जाऊन कुठी राह्यलं ते पाहा. मंग विका."

दुसऱ्या दिवशी मी गाडी बाहेर काढलीच नाही. बॉनेट उघडलं आणि घासलेट आणि ब्रश घेऊन इंजिन धुवायला बसलो. त्यावर वर्षानुवर्षांची माती, कापसाचा भुसा आणि तेल यांचा थर बसला होता. खालून गिअरबॉक्सवर तर थर इतका जाड की चाकूने खरवडावा लागला. तो सुटू लागला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माती नुसती वाळलेली नाही, आतून ओली आहे. म्हणजे तेल बाहेर पडत होतं. पडत होतं ते गाडी चालताना, आणि रस्त्याची धूळ ते पिऊन घेत होती. म्हणून गाडी उभी असताना खाली थेंब दिसत नव्हता.

पण निघत कुठून होतं? धुतलेलं इंजिन कोरडं ठणठणीत दिसत होतं. बायको बाजूला उभी होती. ती म्हणाली, माठ पाझरला की आपण बाहेरून राख चोळतो, ओल जिथून फुटते तिथं राख काळी पडते. तिने चुलीतली राख फडक्यातून गाळून आणली आणि आम्ही ती इंजिनाला सगळीकडून चोळली. मग मी गाडीत दगड भरले आणि गावाबाहेरचा चढ दोनदा चढवून आणला.

परत येऊन बॉनेट उघडलं. पुढची राख पंख्याच्या वाऱ्याने उडून गेली होती. मागच्या बाजूला मात्र ती टिकली होती आणि तिच्यातून एक काळी रेघ खाली उतरली होती. ती वर कुठून सुरू होते ते दिसेना, तिथं हातही नीट पोचत नव्हता. इंजिन चालू ठेवून, रेस वाढवूनच पाहावं लागणार होतं.

"तू बस आत," मी बायकोला म्हणालो.

"मी?"

"रेसवर पाय ठेव आणि मी सांगीन तवा दाब."

चाकांना दगड लावले. ती आत बसली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, जणू गाडी खरंच चालणार आहे. मी घरून आणलेला तिचा छोटा आरसा इंजिनामागे धरला. ती हळू रेस देत होती तोवर काही नाही. "अजून दाब," म्हटलं, इंजिन गर्जलं, आणि आरशावर बारीक काळे ठिपके उमटले. ड्रायव्हरसमोरच्या तेलाच्या दाबाच्या काट्याकडे जाणारी तांब्याची बारीक नळी एका पत्र्याच्या पट्टीखाली घासून घासून चिरली होती. रेस कमी केली की चीर मिटायची, वाढवली की पिचकारी. काटा व्यवस्थित दाखवत होता, म्हणून त्या नळीकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

मी साडूला बोलवायला निघालो, तर बायको म्हणाली, मी जातो. वऱ्हाडात बायाही 'मी जातो'च म्हणतात. ती बहिणीच्या घरी गेली आणि दोघांनाही घेऊन आली.

साडूने वाकून पाहिलं. बायकोने पुन्हा रेस दाबली. तेल त्याच्या अंगठ्यावर उडालं. ते त्याने बोटांत चोळून पाहिलं. मग म्हणाला, "चार माणसांत बोललो मी. बोलायले नाही पायजे होतं."

मनात राग होता, तो एका वाक्याने जाणारा नव्हता. मी त्याला पाना दिला आणि नळी काढायला सांगितली. नळी निघाल्यावर इंजिनात राहिलेल्या भोकात बोल्ट बसवून आम्ही काम भागवलं आणि पुढच्या आठवड्यात यवतमाळहून नवी नळी आणली. ती बसवताना कुठे घासू नये म्हणून साडूने तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. जिनिंगमध्ये त्याने स्वतःच त्या गाडीवानांना तेलाची हकिकत सांगितली, हे मला दुसऱ्याकडून कळलं. त्या दिवसापासून माझा राग उतरू लागला.

गाडी विकायची गोष्ट परत निघाली नाही. गल्लीतल्या बाया मात्र माझ्या बायकोला विचारत, तू ट्रक चालवला म्हणे? ती आधी नाही म्हणायची. पुढे पुढे नुसती हसायची.