नानांच्या नावावरचा फोटो

फोटो काढायला म्हणून जमवलेल्या माणसांना पहिला तासभर कॅमेऱ्याला हात लावू देत नसे, असा माणूस मी एकच पाहिला. आमचे नाना. रविवारी सकाळी सातला दहा-बारा जण गळ्यात कॅमेरे लटकवून जळगावच्या जुन्या बाजाराच्या तोंडाशी उभे असायचो आणि नाना आल्या आल्या म्हणायचे, "बठ्ठे कॅमेरे पिशवीत. काय घाई शे? बाजार पळून नाही चालला." नाना मूळचे धुळ्याचे. चाळीस वर्षं जळगावात स्टुडिओ चालवूनही 'सगळे'ला 'बठ्ठे' आणि 'आहे'ला 'शे' म्हणायची त्यांची अहिराणी सवय काही सुटली नव्हती.

मग तासभर नुसतं भटकणं. आधी चहा, मग भांडे बाजारातून सराफ बाजार, तिथून दाणाबाजार. नाना प्रत्येक ओट्यापाशी थांबणार. कुणाच्या सुनेचं बाळंतपण झालं का, कुणाचा गुडघा कसा आहे, कुणाच्या पोराला पाइपच्या कारखान्यात चिकटवलं का, सगळी चौकशी. मी शाळेत गणित शिकवते, वेळ वाया गेला की माझं डोकं फिरतं. पहिल्याच रविवारी मी तोंडावर म्हणाले, "नाना, ऊन चढलं. आता काय डोंबल फोटो येणार?" नाना हसले. "मास्तरीणबाई, उन्हाला फोटोतलं काही कळत नाही. माणसाला कळतं. आधी त्याला विचारा."

विचारल्याशिवाय फोटो नाही, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा त्याहून त्रासाचा. ज्याचा फोटो काढला, त्याला पुढच्या रविवारी त्याची छापील प्रत नेऊन द्यायची. स्वतःच्या हातानं. नानांच्या कापडी पिशवीत कायम मागच्या आठवड्याचे फोटो असत. हमाल हात पायजम्याला पुसून तो फोटो कडेनं धरायचे, तांब्या-पितळेचे व्यापारी तो गल्ल्यामागे देवांच्या तसबिरीशेजारी खोचायचे. "आपण त्याचा चेहरा घरी घेऊन गेलो," नाना म्हणायचे, "परत नको का द्यायला?"

आमच्यापैकी कुणी लांब पल्ल्याची लेन्स आणली की नाना ती हातात घेऊन, उलटसुलट करून बघायचे आणि विचारायचे, "एवढ्या दुरून काढायला तो काय वाघ शे?" मी ती घेतली तेव्हाही हेच म्हणाले. मला राग आला होता. दोन वर्षं पगारातून बाजूला काढून घेतलेली वस्तू, कौतुकाचा एक शब्द नको? नानांवर माझा जीव होता, पण त्यांची ही शिकवण मला जरा जुनाट वाटायची, हे कबूल करते. आता कबूल करायला काय जातंय!

दाणाबाजारात एक म्हातारी बाई यायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. रविवारी निम्मी दुकानं बंद असतात, पण ट्रक काही वार बघून येत नाहीत. पोती उतरताना तूर, हरभरा, ज्वारी सांडते. ती झाडून, सुपात पाखडून अक्का घरी न्यायच्या. नवरा तरुणपणी गेला, तेव्हा दोन पोरं त्यांनी याच दाण्यांवर वाढवली होती. आता पोरं मोठी झाली, नशिराबादच्या पुढे त्यांच्या गावात सिमेंटचं घर झालं, दारात मोटारसायकली आल्या. पोरांनी झाडणं बंद करायला सांगितलं. अक्का हो म्हणाल्या आणि येतच राहिल्या. घरी सांगायच्या, डाळीच्या मिलमध्ये डाळ निवडायला जाते. गरज संपली होती. पण तिथल्या बायका, तिथला चहा, हमालांची थट्टा, हे सोडून त्या घरात बसून करणार काय?

नानांनी आम्हाला एकदा सगळ्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अक्काचा झाडताना फोटो काढायचा नाही. घरी माहीत नाही तिच्या." ते स्वतः अक्कांचा फोटो काढायचे तो झाडणं संपल्यावर. अक्का नळावर तोंड धुणार, पदर डोक्यावर घेणार आणि पोत्यांच्या थप्पीवर अशा बसणार, की सगळा दाणाबाजार त्यांच्याच मालकीचा. "काय अक्का, पाटलीणबाई दिसताय," नाना म्हणायचे आणि अक्का खोटं खोटं रागवायच्या.

हे सगळं मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी स्वतःचीच समजूत घालायला किती कारणं शोधली, ते माझं मलाच ठाऊक आहे.

एका रविवारी हिवाळ्यात तूर उतरत होती. उन्हाची तिरीप पत्र्यांच्या फटीतून खाली आली होती, तिच्यात भुसा उडत होता आणि त्याच्या मधोमध अक्का वाकून झाडत होत्या. मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होते. लेन्स लावलेली होती. एकदाच बटण दाबलं. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. इतका सुंदर फोटो मी आयुष्यात काढला नव्हता, नंतरही नाही. अक्कांच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती.

त्याच सुमाराला आमच्या गटाचं पहिलं प्रदर्शन ठरलं. नाना तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला लेकीकडे गेले होते, म्हणून मांडणी आम्हीच केली. मी तो फोटो दारातच मोठा करून लावला. म्हटलं, अक्का थोड्याच येणार आहेत प्रदर्शनाला! फोटोंखाली कुणाचंच नाव नव्हतं, नुसतं गटाचं होतं; तेही नानांनीच शिकवलेलं. लोक त्या फोटोपुढे थांबायचे आणि मी लांबून बघत हरखून जायची. दुसऱ्या दिवशी इथल्या एका वर्तमानपत्रानं तोच फोटो उचलून छापला. खाली ओळ होती, 'पोटासाठी वेचलेले दाणे'. ती ओळ मला डाचली. तरी मनात म्हटलं, त्या गावात कोण वाचतंय हा पेपर.

गावानं वाचला. पारावर वाचला, केशकर्तनालयात वाचला, मोबाइलवरून सोयऱ्याधायऱ्यांना पाठवला. पुढच्या रविवारी आम्ही चहाच्या टपरीपाशी उभे असताना अक्कांचा मोठा मुलगा मोटारसायकलवरून आला. हातात पेपराची घडी, डोळे लाल. "आम्ही मेलो का?" तो ओरडला. "गाव विचारतंय, आईला दाणे वेचायला लावता का? कोणी काढला हा फोटो?"

सगळा बाजार थांबला. नाना परवाच धुळ्याहून आले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी पेपर हातात घेतला, अगदी जवळ धरून पाहिला. एवढ्या दुरून तो कुणाच्या लेन्सनं काढला, हे त्यांना तेव्हाच कळलं. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही हो, रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं. चहाचा एक घोट घेतला, अजून एक घेतला. गटातले बाकीचे खाली बघत होते; सांगायचं ते मीच, हे त्यांनाही ठाऊक होतं. शाळा डोळ्यापुढे आली, मुख्याध्यापक आले, 'बाईंनी असं केलं' म्हणणारे पालक आले. नानांनी ग्लास फळीवर ठेवला आणि म्हणाले, "मी."

त्या मुलानं पेपर चुरगळून त्यांच्या अंगावर फेकला. नको नको ते बोलला. नाना हात जोडून उभे राहिले, त्याच्याहून दुपटीनं वय असलेला माणूस. "पुन्हा या बाजारात तुमच्या गळ्यात कॅमेरा दिसला तर बघा," तो म्हणाला. नाना म्हणाले, "नाही दिसणार, भाऊ." समोरच्या अडतीवरचे शेठ, ज्यांच्या गल्ल्यामागे नानांनी काढलेले चार फोटो होते, ते एवढंच म्हणाले, "नाना, तुमच्याकडून नव्हतं वाटलं."

परतताना मी रडत विचारलं, "नाना, तुम्ही का सांगितलं असं?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," नाना म्हणाले. "दोन घोट थांबलो. तू नाही बोललीस. मग कोणी तरी बोलायला पाहिजे ना? तो पोरगा उत्तर मागायला आला होता." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "अक्काकडे एकदा जाऊन ये. एकटी जा. माझं नाव नको, काही नको. जे शे ते सांग."

मी हो म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

नानांनी शब्द पाळला. बाजारात त्यांचा कॅमेरा पुन्हा कुणी पाहिला नाही. गटाचं रविवारचं फिरणं बंद पडलं. नानांशिवाय कोण फिरणार आणि फिरून कुणाला विचारणार? ते स्टुडिओत बसून पासपोर्टचे फोटो काढत राहिले, "हनुवटी वर, अजून थोडी," असं म्हणत. मी अधूनमधून जायची. त्यांनी अक्कांचा विषय एकदाही काढला नाही. त्यांच्या या गप्प बसण्याचा मी फायदा घेतला. मला चांगलं म्हणू नका, तसलं काही नाही. सहामाही झाली की जाऊ, दिवाळी झाली की जाऊ, पेपर तपासून झाले की जाऊ. जळगावहून अर्ध्या तासाचं गाव. दीड वर्षात मला ते गाठता आलं नाही.

मधून अक्कांची खबर कानावर यायची. पोरांनी त्यांना घराबाहेर पडायला बंदी केली होती. वाईट वागवत नव्हते, उलट नवा टीव्ही आणून दिला, गादी आणून दिली. पण बाजार सुटला तो सुटलाच. ऐकून जीव कासावीस व्हायचा, आणि त्याच कारणानं तिकडे जायचे पाय आणखी जड व्हायचे.

एप्रिलमध्ये नाना गेले. झोपेतच गेले. स्मशानात बाजारातली माणसं फारशी नव्हती. चाळीस वर्षं ज्यांच्या घरोघरी ते चेहरे पोचवत आले, त्यातले हातावर मोजण्याइतके आले. माझ्यामुळे. मी एका झाडाखाली उभी होते. ओरडून सांगावंसं वाटलं, पण तिथंही नाही सांगितलं. काय म्हणावं अशा बाईला?

शाळेला सुट्टी लागली आणि मी अक्कांच्या गावाला गेले. उन्हाचा तडाखा होता. अक्का ओट्यावर बसल्या होत्या, किती वाळल्या होत्या! मी पाय धरले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फोटो मी काढला, नानांना माहीतही नव्हता, ते माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी ऐकत उभी राहिले.

अक्कांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मले माहीत व्हतं, माय."

"कसं?"

"नानांनी सांगलं. त्याच हप्त्यात. पोरं कामावर गेले की येये ते यष्टीनं. इथं ओट्यावर बसे, च्या पिये, बाजारातलं सांगे." अक्का पदरानं डोळे पुसत होत्या. "मी म्हटलं, नाना, मी सांगते पोराले, तुमच्यावर कायले आळ? तं म्हने, नका सांगू अक्का. ती सोता येईल. तिले सांगू द्या."

मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले.

"आले की पहिले तेच इचारे, आली का ती? मी म्हने, नाही नाना. तं म्हने, शाळा असन तिची." अक्कांनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. "शेवटी आले तवा जिना चढल्यावानी दम लागे त्याहिले. तवाही इचारलं. मी म्हटलं, नाही आली. तं म्हने, आता परीक्षा चालू असतीन. मे महिन्यात सुट्टी लागली की येईल बघा."

मे महिनाच होता तो. नानांना मी इतकी पक्की ठाऊक होते आणि तरी ते माझी वाट बघत होते. मी त्या ओट्यावर बसून गुरासारखी रडले. शेजारच्या बायका गोळा झाल्या, मला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी अक्कांचा मोठा मुलगा कामावरून आला. मोटारसायकल उभी करतो न करतो तोच मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "भाऊ, तुमच्या आईचा तो फोटो नानांनी नाही काढला. मी काढला होता. ते माझ्यासाठी खोटं बोलले."

तो चिडेल, अंगावर येईल, याची मी तयारी करून आले होते. तसं काही झालं नाही. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. त्यानं डोक्यावरचा रुमाल सोडून हातात घेतला आणि तसाच पायरीवर बसला.

"मी पेपर फेकला होता त्यांच्या अंगावर," तो म्हणाला. "हात जोडून उभे होते ते. काय काय बोललो मी."

अक्का आतून त्याच्यासाठी पाणी घेऊन आल्या.

"कुठं राहतात ते? मी उद्या सकाळीच येतो, मॅडम. पाया पडतो त्यांच्या."

त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. तेही मलाच सांगावं लागलं.