हीट म्हणजे उष्णता

शंभर मीटर म्हणजे किती, हे आमच्या गावाला पहिल्यांदा कळलं तेव्हा गावाची निराशाच झाली. आमच्या भावकीतला एक दादा लष्करात शिपाई होता. तिथे तो पळायला लागला, सगळ्यांच्या पुढे पळायला लागला, आणि एक दिवस पत्र आलं की पूर्वेकडच्या एका देशात निरनिराळ्या देशांच्या शर्यती आहेत, त्यांत शंभर मीटर धावायला त्याला पाठवणार आहेत. हेडमास्तरांनी पारावर बसून हिशेब केला आणि अर्धा फर्लांग असं उत्तर काढलं. भुकूमच्या आमच्या पारापासून अर्धा फर्लांग म्हणजे पिठाच्या गिरणीपर्यंत.

"एवढंच?" एक म्हातारा म्हणाला. "त्येच्यापायी इमानानं नेत्यात?"

"परत यायचं बी धरा की आबा," दुसरा म्हणाला. "मंग पुरा फर्लांग हुतो."

पण दादा विमानात बसल्याचं कळल्यावर हीच माणसं पौडच्या बाजारात 'आमचा गडी' म्हणून सांगू लागली. त्याची सोयरीक डोंगरापलीकडच्या रिहे गावातल्या एका घरी आधीच ठरली होती, माझ्या वडिलांच्या मध्यस्थीने. त्या घरची भातशेती मोठी, माणसं तोलामोलाची. विमानाच्या बातमीनंतर वडील ती सोयरीक आपणच जुळवल्याचं दिवसातून दोनदा सांगत.

मी पुण्यात नन्सच्या शाळेत शिकत होते आणि त्यांच्याच वसतिगृहात राहत होते. कुणा वकिलाच्या सांगण्यावरून वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि पाहुणे आले की "हिला इंग्रजी फाडफाड येतं" असं ते सांगायचे. मी ते बोलून दाखवावं अशी मात्र त्यांची कधी इच्छा नसायची. माझीही नसायची. पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे ठेवून आत पळण्यात मी पटाईत होते.

सुट्टीला मी घरी होते, तेव्हा दादाच्या पलटणीतून कुणीतरी इंग्रजी वर्तमानपत्राचं एक कात्रण पाठवलं. दादा अजून परतला नव्हता. कात्रण आमच्या पडवीत आलं, आणि वाचायला अर्थात हेडमास्तरांना बोलावलं गेलं. त्यांच्या काखेत खाकी वेष्टणाची लहानशी डिक्शनरी असे. ती त्यांनी कधी उघडलेली मी पाहिली नव्हती, पण ती बाहेर काढली की माणसं गप्प बसत. मी माजघराच्या दाराआड उभी होते.

चार ओळींची बातमी त्यांनी चारदा वाचली. "एलिमिनेटेड इन द हीट्स," ते शेवटी म्हणाले, आणि चष्मा काढला. "अरेरे. उष्णतेमुळे बाद झाला."

"म्हंजी ऊन लागलं?" वडिलांनी विचारलं.

"प्रखर ऊन. अनेकवचन आहे. म्हणजे किती प्रखर असेल पाहा."

मला दाराआड हसू आलं. आमच्या शाळेत दर वर्षी खेळांचा दिवस असे आणि हीट म्हणजे काय ते पहिलीतल्या मुलींनाही ठाऊक होतं. बाहेर जाऊन सांगावं असं क्षणभर वाटलंही. पण पडवीत नऊ पुरुष होते. शिवाय, खरं सांगायचं तर, ते सगळे मिळून चुकत आहेत आणि मला एकटीला कळतंय, यात मला गोडी वाटली. भित्रेपणाला मी शहाणपण समजत होते. मी चहा ठेवायला गेले.

पुढच्या तीन आठवड्यांत त्या उन्हाने गावात काय काय केलं ते ऐकण्यासारखं होतं. दादा सगळ्यांच्या पुढे होता, दोरी दोन हातांवर राहिली होती, आणि भोवळ आली. तिथली जमीन तव्यासारखी होती. परक्या देशाच्या डॉक्टरांनी बर्फाच्या लादीवर झोपवलं. लादीची भर गिरणीवाल्याची होती, त्याने जन्मात बर्फ फक्त गोळेवाल्याच्या हातगाडीवर पाहिला होता. हरलेला माणूस गावाला नको होता. उन्हाने पाडलेला चालत होता, कारण ऊन आडवं आलं नसतं तर तो जिंकलाच असता असं मग म्हणता येत होतं.

दादा रजेवर आला तेव्हा त्याच्या आईने त्याला सावलीत बसवलं आणि समोर सब्जाचं पाणी ठेवलं. शेजारणींनी गुलकंद पाठवला. तो सडसडीत, कमी बोलणारा माणूस, तीन दिवस मुकाट्याने गुलकंद खात राहिला. चौथ्या दिवशी आमच्या पडवीत त्याने विचारलं, "मला झालंय काय? समदी माझ्या कपाळाला हात का लावत्यात?"

"ऊन बाधलं न्हाई का तुला शर्यतीत," वडील म्हणाले.

"ऊन? तितं तर पाऊस हुता. आमी कांबळी पांघरून बसलो हुतो."

सगळे हेडमास्तरांकडे पाहू लागले. मग हेडमास्तरांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "पावसाळी हवेतही उष्णता असते. दमट उष्णता. तुला जाणवली नसेल."

"मी चौथा आलो गुरुजी. तिघं माझ्याम्होरं हुते."

"उष्णतेमुळेच ना?"

दादाने वाद सोडला. मीही आतूनच पाहत होते. पळणाऱ्या माणसाला त्याने पाऊस पाहिला की ऊन, हे न पळणारा माणूस सांगत होता, आणि इतर सगळे मान डोलावत होते.

हे सगळं हसून सोडून देण्यासारखं राहिलं असतं. पण बातमी डोंगराच्या खांद्यावरून रिह्याच्या खोऱ्यात उतरली, आणि उतरताना बदलली. हेडमास्तरांचा 'उष्णता' हा शब्द गावच्या तोंडात बसणारा नव्हता. कुणीतरी सोयीसाठी 'गरमी' म्हटलं. गरमीनं बाद झाला. आणि गरमी या शब्दाला आमच्याकडे दुसराही अर्थ आहे, जो बायका आवाज खाली करून सांगतात: बाईच्या नादाला लागलेल्या पुरुषाला जडतो तो रोग. लष्करातला गडी, परदेशी गेला, तिथं गरमी झाली, म्हणून शर्यतीतून काढून टाकला. गोष्ट कशी चपखल बसली. मला तो अर्थ आईने स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून सांगितला, कारण दादाची आई आमच्या चुलीपाशी बसून रडत होती. मुलीकडच्यांचा निरोप आला होता: आम्ही उद्या येतो आहोत, सोयरीक मोडायची आहे.

त्या रात्री माझं हसू गेलं. कात्रण आलं त्या दिवशी पडवीत पाच पावलं पुढे जायची होती, ती मी गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलीचे चुलते आले. रापलेला, जाड मिशांचा माणूस, पायातल्या वहाणांना खाचराचा चिखल. त्यांनी पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. दादा खांबाशी उभा होता, मान खाली.

"लांबण नको," चुलते वडिलांना म्हणाले. "आमची पोर काय आमाला जड झालेली न्हाई. तुमच्या गड्याला काय झालंय त्ये आमाला कळलंय."

"त्याला काहीही झालेलं नाही," हेडमास्तर म्हणाले. "फक्त उष्णता."

"त्येच म्हनतोय मी."

"अहो, हवेतली उष्णता."

"मंग त्यो तर म्हनतो पाऊस हुता, आमच्या कानावर आलंय." चुलत्यांनी दादाकडे बोट केलं. "पाऊस हुता तर उष्णता कुटली? अंगातलीच न्हवं?"

एवढ्या सरळ प्रश्नापुढे हेडमास्तरांनी डिक्शनरी उघडली. बोट ठेवून वाचलं, "हीट, उष्णता." मिटली. आपण चुकलो असू ही शंका त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसली, अगदी स्पष्ट दिसली, आणि त्यांनी ती गिळलेलीही दिसली. एका मुलाचं लग्न मोडलं तरी चालेल, पण आपलं भाषांतर मोडायला नको.

मी माझ्या ट्रंकेतून एक कागद काढला. आमच्या शाळेच्या खेळांच्या दिवसाचं छापील पत्रक. तो हातात घेऊन पडवीत गेले. चहाचा ट्रे नसताना मी पुरुषांत पहिल्यांदाच गेले असेन. माझा आवाज इतका बारीक निघाला की चुलत्यांनी कानाला हात लावला.

"हे आमच्या शाळेचं आहे," मी पत्रक हेडमास्तरांच्या हातात देत म्हणाले. "डिसेंबरचं. यात लिहिलंय, पहिली हीट, दुसरी हीट, तिसरी हीट. डिसेंबरात सकाळी सातला ऊन नसतं. आम्ही स्वेटर घालून पळतो."

"तुला कुनी इचारलं?" वडील म्हणाले.

"मुलींच्या शाळेतले खेळ आणि हे वेगळं," हेडमास्तर म्हणाले.

"थांबा गुरुजी," चुलते म्हणाले. "पोरी, मंग हीट म्हंजी काय?"

मला मराठी शब्द सुचेना. इतकी वर्षं इंग्रजी शाळेत घालवून मला 'प्राथमिक फेरी' हा शब्द ठाऊक नव्हता, आणि ते बरंच झालं, कारण तो कुणालाच कळला नसता. कोपऱ्यात आईचं सूप भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"पळणारे खूप असतात," मी म्हणाले. "आखलेल्या वाटा थोड्या. सगळं भात एका सुपात मावत नाही, म्हणून आपण सुपासुपानं पाखडतो ना. तसं. एकेका सुपाला हीट म्हणतात. प्रत्येक सुपातले पहिले काही ठेवतात, मग त्यांची शेवटची शर्यत. दादा त्याच्या सुपात चौथा आला. तिथंच राहिला. एवढंच लिहिलंय."

चुलत्यांनी सुपाकडे पाहिलं, मग दादाकडे. रिह्याच्या माणसाला पाखडणं समजावून सांगावं लागत नाही.

"म्हंजी सुपातनं उडाला म्हना की."

"हो," मी म्हणाले.

"रोग-बिग काय न्हाई. नुसता हरला."

"व्हय," दादा खांबाशी म्हणाला. "पन जन्मात पळालो न्हवतो इतका पळालो त्या दिशी."

चुलते तांब्या उचलून पाणी प्यायले. वडिलांचा जीव भांड्यात पडला, तो त्यांनी लगेच आपल्या नावावर जमा केला: "म्हनूनच तर इंग्रजीत घातली हिला." हेडमास्तरांनी माझं पत्रक घडी घालून परत दिलं, आणि त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. ती शिक्षा मला मानवली.

गाव मात्र हिरमुसलं. रोगाची गोष्ट खोटी ठरली याचं कुणाला सुख नव्हतं. भोवळ गेली, बर्फाची लादी गेली, याचं दुःख होतं. पारावर दादा दिसला की कुणीतरी विचारायचं, "काय रं, गिरनीपतुर जातूस का? का सुपातच ऱ्हातूस?" विचारणाऱ्यांपैकी एकही जण गिरणीपर्यंत दम न लागता चालू शकत नव्हता.

लग्न रिह्यालाच झालं. मंडपात हेडमास्तर भाषणाला उभे राहिले. परदेशातील प्रतिकूल हवामान इथवर ते आले, तेव्हा पंगतीकडून चुलत्यांचा आवाज आला, "गुरुजी, सुपातनं उडालाय त्यो. आमाला सांगितलंय. बसा आता, वरन गार हुतंय." माणसं पोट धरून हसली. सगळ्यात जास्त नवरा हसला.

करवली म्हणून मी नवरीशेजारी बसले होते. ती माझ्याच वयाची, मुंडावळ्यांतून खाली पाहणारी. हशा चालू असताना तिने मान न हलवता मला विचारलं, "ताई, तितं पाऊस खरंच हुता न्हवं?"

तिने ते दिवस कसे काढले असतील याचा मी तोवर विचारच केला नव्हता.

"खरंच होता," मी म्हणाले.

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "चौथं म्हंजी त्या सुपात तिघंच म्होरं हुते. एवढ्या देशांतनं आलेल्या गड्यांत."

भुकूमच्या पारावर बसणाऱ्या एकालाही ही वजाबाकी जमली नव्हती.