हात ओढतो तिकडे

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मोताळ्याच्या बाजारात तो डोळ्यांवर गमछा बांधून मन ओळखायचा खेळ करायचा. कुणीही एखादी वस्तू लपवायची. तो त्या माणसाचं मनगट धरून बरोबर तिथं जायचा. गुपितही स्वतःच सांगायचा. "जादू नाही, भाऊ. मानसाचं मन जिथं अडकलं, तिकडं त्याचा हात हलकासा ओढते. मी फक्त मागं मागं जातो."

एकदा मी घराची किल्ली मिरच्यांच्या ढिगात लपवली. त्यानं माझं मनगट धरलं आणि मिरच्यांकडे पाठ करून थेट एसटी थांब्यावर गेला. लोक हसले. "चुकलो, आज जमलं नाही," असं त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं. मग गमछा सोडत हळूच मला म्हणाला, "किल्ली इथं नाही, हे मले समजते. पन तुमचा हात इकडंच ओढून राह्यला. कोन येनार हाय?"

माझी बायको बुलढाण्याच्या दवाखान्यात नर्स होती. ड्युटी संपली की याच वेळच्या गाडीनं परत यायची. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

गाडी आली. शेवटचा माणूस उतरेपर्यंत त्यानं माझं मनगट सोडलं नाही.