रुमालाखालचा हात

पटलं नाही तर वाचून सोडून द्या... मलाही अजून पटलेलं नाही. मी वीस वर्षं फौजेत काढली. भूतखेत, करणी, अंगात येणं – असलं काही सांगणाऱ्याची बराकीत मी यथेच्छ टिंगल केली आहे. खरसुंडीचं नाव निघालं की मात्र उठून जायचो.

दुसरं महायुद्ध चालू होतं. मी सतरा वर्षांचा, आमचं गाव वडूजजवळ. धाकटा भाऊ नामा सहा वर्षांचा. आदल्या पावसाळ्यात तापाने तो गेल्यात जमा होता. तेव्हा वडिलांनी – आम्ही त्यांना आबा म्हणायचो – खरसुंडीच्या सिद्धनाथाला नवस बोलला, की पोर वाचू दे, घरचा खिलार खोंड तुझ्या नावानं सोडीन. नामा उठला, खेळायला लागला. पण तोवर खोंडही असा देखणा निघाला, की आबांची नियत फिरली.

पौषातल्या यात्रेला आम्ही खोंड घेऊन दोन दिवसांच्या वाटेला चालत निघालो. वाटेत आबा म्हणाले, "इकू या ह्याला. नाथाला नारळ फोडू. देव काय खोंड खातुय व्हय?" मी हसलो. खरं सांगतो, मलाही पटलं होतं.

भर दुपारी यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात एक हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आमच्यासमोर येऊन बसला. तिथली रीत अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायचा. दोघांनी रुमालाखाली हात घातले. भाव जमेना, तेव्हा "इचार करा जरा" म्हणत हेडीने हात काढून घेतला आणि तो तंबाखू मळायला लागला.

आबांचा हात तसाच आत. चेहरा पांढराफटक.

"आबा, काय झालं?"

"कुनीतरी हात धरलाय रं," ते हळूच म्हणाले. "सुटंना."

हेडीचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते... आणि रुमाल हलत होता. मी आबांचं मनगट धरून दोन्ही हातांनी ओढू लागलो. ओढताना माझी बोटं रुमालाखाली गेली. तिथे एक हात होता. लहान, हाडकुळा, तव्यासारखा तापलेला. जीव खाऊन आबांना धरलेला. तरी मी ओढतच राहिलो.

तेवढ्यात आबा म्हणाले, "न्हाई इकायचा. नाथाचा हाय त्यो."

पकड सुटली. मी रुमाल उचलला, तर खाली नुसती माती. हेडी आमच्याकडे बघत उठला आणि पुढच्या दावणीला गेला.

खोंड लगेच देवळात सोडला आणि तशीच परतीची वाट धरली.

घरी आई नामाला मांडीवर घेऊन बसली होती. पोर गळालेलं, पण शुद्धीत. ती आबांना म्हणाली, "आवं, परवा दुपारी अवचित ताप चढला. डोळं फिरवलं ह्यानं. सारखं म्हनत हुतं – आबा, हात सोडू नगा, सोडू नगा. मग एकदम घाम सुटला आन झोपलं."

आबांनी खाली बसून नामाचा हात हातात धरला.

ताप, योगायोग, भास... सगळं म्हणून पाहिलं. उत्तर सापडलेलं नाही. नामा पुढे म्हातारा होईस्तोवर जगला, पण त्याला हे सांगायची माझी छाती कधी झाली नाही. त्या दुपारी आबांना धरलेली त्याची पकड सोडवायला दोन्ही हातांनी जो ओढत होता, तो मीच होतो.