स्ट्यूसाठी काळी बिअर

चार वर्षांनी मुलगा बेल्जियमहून जबलपूरला आला, तेव्हा इथल्याच एका कॉलेजात त्याला नोकरी मिळत होती. रविवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. मला तो इथेच हवा होता, आणि तो मात्र रोज जेवताना तिकडच्या स्ट्यूचं कौतुक सांगायचा. बिअरमध्ये तीन तास शिजवलेलं बीफ म्हणे! शेवटी मी वैतागून म्हटलं, बीफ आपल्या घरात होणार नाही, मटणाचा करून घालते. बिअर कोणती ते सांग.

"काळी, गोडसर. कडू नको," तो म्हणाला.

मी ह्यांना दुकानात पाठवलं. ह्यांनी जन्मात बिअर चाखलेली नाही. चार बाटल्या घेऊन आले, सगळ्या पिवळ्याधमक.

"काहून आणल्या ह्या? काळी सांगितली होती ना?"

"अगं, दुकानवाला म्हणाला, सबसे स्ट्रॉंग यही है. मटण लवकर गळेल."

आमच्याकडे मटण मागच्या अंगणात, वेगळ्या शेगडीवर शिजतं. तीन तास मी तिथे डास मारत बसले. रस्सा आटत गेला तसा कडूजहर झाला. मुलाने एक घास घेतला आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच गेले. राइट टाउनच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेली बाई दारूच्या दुकानात! रांगेतल्या एका टक्कल पडलेल्या माजी विद्यार्थ्याने तिथेच पायांना हात लावला. "मैडम जी, आप यहाँ?"

"स्ट्यू बनाना है," मी जवळजवळ ओरडलेच. कुणालाही ते खरं वाटलं नाही. पण त्यानेच दुकानदाराच्या मागे लागून आतल्या खोलीतून काळी बिअर काढवली.

शनिवारी पुन्हा अंगण, शेगडी, डास. भरपूर कांदा, काळी बिअर, शेवटी गुळाचा एक खडा. मुलाने दोनदा वाढून घेतलं आणि ताटली पावाने पुसली.

"आई, एकदम तिकडच्यासारखं झालं, सच में!"

मी जिंकले होते. आता तिकडे जायचं कारणच काय उरलं?

"मला एकच टेन्शन होतं," तो म्हणाला, "तुम्ही दोघं तिकडे कसे राहाल. पण तुला तर जमून राहिलं सगळं! ही बिअर तिथे कोपऱ्यावर मिळते. तुम्हीच या तिकडे." आणि बसल्या जागी त्याने कॉलेजला नकार कळवून टाकला.

ह्यांच्या कडक बाटल्यांतल्या दोन अजून फ्रिजमध्ये होत्या. त्याच वापरायला हव्या होत्या.