थोरल्या जावेचं रक्त

माझी थोरली जाऊ अंघोळ टाळायची. अंगावर पाणी पडलं की तिला तासभर खाज सुटायची. आम्हाला ते नाटक वाटायचं. तोंड तर लालबुंद. रिठदला आमच्या घरात अंघोळीशिवाय चुलीला हात लागत नसे, पण ती थोरली, म्हणून स्वयंपाकघर तिचंच. मी धाकटी, माझ्याकडे शेण आणि धुणी.

"साय चोरून खाते अन् खाजवत बसते," सासू म्हणायची. "तोंड पाहा, माकडाच्या ढुंगणावानी."

मी हसायचे.

एकदा ती चक्कर येऊन पडली. थोरल्या दिरांनी तिला अकोल्याला नेलं. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मी गेले. डॉक्टरांनी तिचं बाटलीभर रक्त काढून फेकून दिलं. दीर औषध आणायला खाली गेले होते, तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघींनाच सांगितलं. हाडातल्या मगजात रक्त बनतं. तिथल्या एका पेशीत बिघाड झालाय, म्हणून रक्त वाढतच चाललंय. हा रक्ताचा कर्करोगच, पण सावकाश चालणारा. रक्त काढत राहिलं तर बाई पुष्कळ वर्षं जगेल. "झाडाची एक फांदी बिघडलीय. मूळ चांगलं, बीही चांगलं. आईबापाकडून आलं नाही, पोरांत जाणार नाही."

माझी नात आता त्याला जनुकातला बदल म्हणते. मला ते तेव्हाच समजलं होतं.

घरी कर्करोग म्हटल्याबरोबर सासूनं निकाल लावला. थोरलीच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, पोर नव्हतं. "नासक्या रक्ताची पोरं कायले पायजेत? इले माहेरी सोडा अन् दुसरी पाहा."

"पोरांत जात नाही म्हणे डॉक्टर," जाऊ म्हणाली.

"तू तं म्हणशीनच."

"मंग हिले इचारा. ही संग होती."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. दिरांना बायको ठेवायची होती, ते तोंडावर दिसत होतं. माझ्या एका शब्दावर ते अडले होते.

"मले काय समजते, आत्याबाई?" मी म्हणाले. "मी चौथी शिकलेली."

"पैल्या नंबरानं पास झाल्ती म्हून सांगत राह्यते नं तू," जाऊ म्हणाली आणि पेटी भरायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी दीर तिला जऊळक्याच्या स्टेशनावर माहेरच्या गाडीत बसवून आले. चूल मी पेटवली.

माहेरी तिचं रक्त काढायला कोणी नेलं नाही. दोन वर्षांत डोक्यात रक्ताची गाठ होऊन मेली. निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. उरलेल्या थापूनच उठले.