सुरंगीखालचं आडनाव

आमच्या वाडीत तिन्हीसांजेनंतर कोणाला नावाने हाक मारायची नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हा नियम सांगितला, आणि आमटीत मीठ किती घालायचं ते सांगावं, तसा सांगितला. काम असेल तर भांडं वाजव, कूऽऽ कर, नाहीतर चालत जा आणि खांद्याला हात लाव. नाव घ्यायचं नाही. का, तर साहेब ओ देतो.

मी पनवेलची. लग्नाआधी औषधांच्या दुकानात बिलं करायचे, असल्या गोष्टींवर हसायची मला सवय. तेव्हाही फिसकन हसले आणि नवऱ्याने डोळे वटारले. आता डोक्याचे केस पांढरे झाले, पण हे लिहितानाही मी कोणाचं नाव लिहिणार नाही. भीती म्हणा, सवय म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

साहेब म्हणजे वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला, सुरंगीच्या झाडाखाली पुरलेला एक जर्मन खलाशी. आमचं गाव बोर्ली पंचतनपासून फार लांब नाही. नारळ-सुपारीच्या वाड्या, पलीकडे सुरूचं बन, मग वाळूची पुळण. नवऱ्याच्या पणजोबांच्या काळात त्या पुळणीवर हा माणूस वाहून आला. त्याच्या बोटीवरचे लोक शोधत येईपर्यंत पणजोबांनी त्याला आपल्याच वाडीत मूठमाती दिली होती. ते लोक त्याचा देश सांगून, काळ्या दगडावर त्याचं आडनाव कोरून निघून गेले. पाळण्यातलं नाव नाही, तारीख नाही, नुसतं आडनाव.

आमच्याकडे अशा माणसाला वाऱ्यावर सोडत नाहीत. तो राखणदार होतो. वर्षभर वाडी राखतो आणि बदल्यात एकदा जेवतो. सर्वपित्रीला दुपारी घरच्या पितरांची पानं वाढायची आणि तिन्हीसांजेला सुरंगीखाली साहेबाचं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी साहेबाच्या घशाखाली कशी उतरणार, असं कोणीतरी कधीतरी ठरवलं असणार. म्हणून त्याला बेकरीतला पाव, उकडलेलं अंडं, तळलेला बांगडा आणि एक सिगारेट. पानाभोवती पाणी फिरवायचं आणि घराकडे चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही.

घरात माझ्याबरोबर हसणारा एकच माणूस होता, माझा धाकटा दीर. माझ्याच वयाचा. साहेबाची सिगारेट दुसऱ्या दिवशी गायब झालेली असायची, आणि ती कोण ओढतं हे मला आणि त्यालाच ठाऊक होतं. तो मालवाहू बोटीवर नोकरीला लागला. तिसऱ्या की चौथ्या फेरीला गेला, तो आलाच नाही. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड समुद्रात, वादळात डेकवरून वाहून गेला, असा फोन आला. प्रेत मिळालं नाही. सासूबाईंनी दिवस घालू दिले नाहीत. भिंतीवर फोटो लागला, पण त्याला हार नाही, आणि सर्वपित्रीला त्याचं पान नाही. ज्याला कोणी मेलेला बघितला नाही त्याला मी जेवायला घालू? असं त्या एकदाच म्हणाल्या आणि विषय संपला.

मग एका दुपारी आम्ही दोघी सुपारी सोलत बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. दीर शेवटचा निघाला त्या संध्याकाळी घाईगर्दीत त्या नियम विसरल्या होत्या. चहा गार होत होता, म्हणून मागच्या दारातून त्यांनी त्याला हाक मारली. नावाने, मोठ्याने. ओ आली. पण ती सुरंगीकडून आली. आणि पोरगा तर तेव्हा पुढच्या अंगणात रिक्षात बॅगा ठेवत होता.

सांगताना त्यांचा हात थांबला नाही. सुपारी सोलणं चालूच. माझ्या अंगावर मात्र काटा आला, तो कायमचा. त्या दिवसापासून दोरीवरचे कपडे काढताना मी सुरंगीकडे पाठ करत नाही.

मला वाटलं होतं, आता या साहेबाचं नाव काढणार नाहीत. झालं उलटंच. त्यांनी साहेबाचे लाड सुरू केले. रोज तिन्हीसांजेला पणती. पावसाळ्यात दगडावर नारळाच्या झापांचा आडोसा. नवरा चिडायचा, ज्याने आपला माणूस नेला त्याची कसली सेवा करतेस? तेव्हा त्या म्हणाल्या, "कुणाचा तरी पोर आपल्या दारात हाय, त्याला आपण बघतो. आपला कुणाच्या तरी दारात आसंल. त्ये बघतील." या एका हिशेबावर ती बाई उभी होती. तो चुकला तर ती कोसळेल, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी पणतीला तेल कमी पडू दिलं नाही.

मध्ये ते मोठं चक्रीवादळ येऊन गेलं. अख्ख्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. सुरंगी तेवढी राहिली, आणि आजूबाजूचं सगळं मोकळं झाल्यामुळे दगड रस्त्यावरून दिसायला लागला. पोटासाठी आम्ही दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागलो होतो. पुण्याच्या एका पोरीने दगडाचा फोटो काढून टाकला इंटरनेटवर. काय काय टाकतात लोक! काही महिन्यांनी माझ्या फोनवर मेसेज आला. माणूस जर्मन, निवृत्त, आणि आडनाव तेच, दगडावरचं. दोन ओळींत त्याने विचारलं होतं की बघायला येऊ का, आणि तुमची हरकत नसेल तर त्याला घरी नेता येईल का.

मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, कधी येतोय? तिथेच मला संशय यायला हवा होता.

तो माणूस थंडीत आला. मुंबईहून बोटीने मांडव्याला, अलिबागहून गाडी करून, आगरदांड्याला जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, चढून दिघीला. सत्तरी ओलांडलेला, उंच, जरा वाकलेला. चहाही न घेता म्हणाला, आधी दगड. मी त्याला मागे घेऊन गेले आणि कपाळावर हातच मारला. दगड होता कुठे? सुरंगीखाली केशरी लखलखीत देव बसला होता. सासूबाईंनी पहाटे उठून त्याला वरपासून खालपर्यंत शेंदूर थापला होता. दोन रुप्याचे डोळेही चिकटवले होते. मेलेल्या माणसाला कोणी घेऊन जाईल, देवाला कोण हात लावणार? आमच्या बाईची अक्कल! मला लाज वाटली, राग आला आणि हसूही आलं.

तो माणूस रागावला नाही. गुडघे टेकून खाली बसला आणि शेंदरावरून बोट फिरवत गेला. खालची अक्षरं हाताला लागत होती. एकेका अक्षराशी तो थांबत होता. शेवटच्या अक्षरावर पोचला तेव्हा त्याच्या बोटाचं टोक केशरी झालं होतं आणि तो रडत होता, आवाज न करता. सासूबाई वादळात मोडलेल्या नारळाच्या बुंध्याला धरून उभ्या होत्या. मग त्या स्वतःच घरात गेल्या, खोबरेल आणि काथ्या घेऊन आल्या आणि शेंदूर घासून काढायला बसल्या. एक बाजू त्यांनी घासली, एक त्याने.

संध्याकाळी ओटीवर बसून त्याने आम्हाला आपल्या आडनावाची हकीकत सांगितली. त्याची इंग्रजी सावकाश, माझी औषधाच्या बाटल्यांवरची. पण जमलं. त्याने फोनवर त्याच्या देशाचा नकाशा काढला. ते आडनाव जिथे जिथे आहे तिथे त्याने ठिपके दिले होते. सगळा देश कोरा. वरच्या टोकाला, समुद्राला लागून, बोटभर जागेत थोडे ठिपके, आणि त्यातल्या बऱ्याच ठिपक्यांवर त्याने फुली मारली होती. ती घरं संपली, म्हणाला. आता मी एकटा. लग्न केलं नाही. बहीण होती, ती दुसऱ्या आडनावाची होऊन गेली.

इतकं दुर्मीळ का, असं मी विचारलं. तो म्हणाला, आमचा किनारा सपाट आहे, इथल्या खारजमिनीसारखे मातीचे बांध घालून आम्ही समुद्र अडवतो. पूर्वी किनाऱ्यावर वाहून आलेली प्रेतं गोळा करून पुरायचं काम एका घराकडे असायचं. त्या कामावरून आमच्या घराला हे आडनाव पडलं. मेलेल्यांना शिवणाऱ्या घरात कोणी मुलगी देईना, म्हणून घर वाढलं नाही, आडनाव पसरलं नाही. गावात अजून त्या बेवारशी लोकांची वेगळी जागा आहे. लाकडी क्रूस, नाव कोणावरच नाही. गवत मी काढतो.

मी हे सगळं मराठीत सांगत होते. सासूबाई ऐकत होत्या. फोनवरच्या ठिपक्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. दिसत काही नव्हतं त्यांना, डोळ्यांत मोतीबिंदू. मग त्यांनी विचारलं, त्यांना जेवायला काय घालता? तो गोंधळला. फुलं ठेवतो, म्हणाला. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्या लोकांना उपाशी मारलं.

"न्यायचा तर ने, बाबा," त्या म्हणाल्या. "पण तुझ्यामागं त्याला तिकडं कोण बघंल? हितं आमी हाव. तू एक कर. तुमच्या त्या जागेत वरसाला एक पान वाढ. कुणाचं त्ये मी बोलत न्हाय."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. भिंतीवरच्या, बोटीच्या डेकवर काढलेल्या बिनहाराच्या फोटोकडे त्याची नजर गेली आणि त्याला समजलं. तो उठला आणि सासूबाईंचे दोन्ही हात त्याने आपल्या हातांत धरले. दुसऱ्या दिवशी सुरंगीखालची मूठभर माती रुमालात बांधून तो गेला. साहेब राहिला.

मग दर सर्वपित्रीला मी त्या जर्मन म्हाताऱ्याला फक्त एवढाच मेसेज करायचे, आज. आणि रात्रीच्या आत फोटो यायचा. राखाडी आभाळ, ओलं गवत, लाकडी क्रूसांची रांग, आणि एका क्रूसापाशी पांढरी ताटली. उकडलेले बटाटे, मासा, पाव. पहिल्या वर्षी सासूबाईंनी मला त्या ताटातलं एकेक नीट सांगायला लावलं आणि नाक मुरडलं. "बटाटे नुसते उकडलेलं? मीठ तरी घातलंन का इचार." मी विचारलं. पुढच्या वर्षी ताटलीशेजारी मिठाची बाटली होती. त्या रात्री सासूबाई पोटभर जेवल्या. इतक्या वर्षांत त्यांना तसं जेवताना मी पाहिलं नव्हतं.

यंदा मी मेसेज केला आणि फोटोऐवजी चार ओळी आल्या. त्याच्या शेजारणीने त्याच्याच फोनवरून लिहिलं होतं. उन्हाळ्यात तो गेला. तुमचं काही देणंघेणं राहिलं असेल तर कळवा, असं बिचारीने विचारलं होतं. काय कळवणार होते मी?

मी फोन घेऊन मोरीपाशी उभी राहिले. डोक्यात तो नकाशा येत होता. आता वरच्या टोकाच्या सगळ्या ठिपक्यांवर फुल्या. ते आडनाव आता जगात एकाच जागी उरलं, आमच्या परसात, दगडावर. आणि सासूबाईंना सांगायचं कसं? पंच्याऐंशीच्या पुढची बाई. नवरा म्हणाला, मागच्या वर्षीचाच फोटो आहे म्हणून सांग, तिला कुठे दिसतंय. मन झालंही होतं. पण त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, तिकडचं पान वाढलं का, आणि माझ्याच्याने खोटं बोलवेना.

सांगितलं. त्या पाटावर बसून राहिल्या. रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत. पाटावरून उठत म्हणाल्या, सायबाच्या शेजारी अजून दोन पानं घे.

दुसरं पान त्या परक्या म्हाताऱ्याचं, हे मला कळलं. तिसरं कोणाचं ते मी विचारलं नाही. त्यांनी ते स्वतः वाढलं. त्यावर पाव-अंडं नव्हतं. दुपारचे वडे होते, खीर होती आणि भोपळ्याची भाजी, जी तो कधी खायचा नाही आणि त्या मागे लागून खायला घालायच्या.

तिन्हीसांजेला मी त्यांना हाताला धरून सुरंगीपर्यंत नेलं. पानं मांडली, पणती लावली. पाणी फिरवून मी वळणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात सोडला, पदर सारखा केला आणि हाक मारली. त्याच्या नावाने. मोठ्याने, पोरगं खेळायला लांब गेल्यावर मारतात तशी. सगळी वाडी ऐकत होती. मागच्या दारात नवरा येऊन उभा राहिला, भिंतीला धरून. इतक्या वर्षांत त्याने आपल्या भावाचं नाव त्या जागी ऐकलं नव्हतं. मी कानांत प्राण आणून उभी होते. सुरूच्या बनात वारा होता आणि पलीकडे समुद्र.

ओ आली नाही. सासूबाईंनी परत हाक मारली. मग त्यांनी ते आडनाव घेतलं, वेडंवाकडं, त्यांच्या जिभेला वळेल तसं, दोघांसाठी एकदाच. त्यालाही ओ आली नाही.

"न्हाय देत ओ," त्या मला म्हणाल्या. "म्हंजे जेवायला बसलं तिघं."

आम्ही घराकडे वळलो. मागे वळून बघायचं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं. वादळानंतर लावलेल्या पोफळींच्या मधल्या वाटेवर त्या थांबल्या, वळल्या आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी सुरंगीकडे बघत राहिल्या. मी त्यांचा हात धरला, पण ओढला नाही.